दोन गलबते

लोकशाही म्हणजे लोकांचे राज्य, हे तुम्ही जाणताच. परंतु लोक राज्य चालवितात ते कसे? प्राचीन ग्रीस देशातील अथेन्स नगरात प्निक्स नावाच्या टेकडीवर नागरिक स्वतः जमत, वक्त्यांची भाषणे ऐकत आणि हात वर करून निर्णय देत. हीच प्रत्यक्ष लोकशाही. (स्त्रिया, गुलाम आणि परके यांना मात्र त्या टेकडीवर स्थान नव्हते.)

इ. स. पूर्व ४२७ मध्ये मिटिलीनी नगराने अथेन्सविरुद्ध केलेले बंड मोडले गेले. संतापलेल्या सभेने ठरविले की, तेथील सर्व पुरुषांना ठार करावे आणि स्त्रिया व मुले यांना गुलाम करावे. आज्ञा घेऊन गलबत निघालेही! रात्र सरली, तसा राग ओसरला आणि लोकांच्या मनाला टोचणी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. क्लिऑनने बजावले, की निर्णय फिरवू नका. डायोडोटसने विचारले, की शरण येऊनही मरणच मिळणार असेल, तर पुढे बंड करणारे शरण येतील कशाला? थोड्याशा मतांनी त्याची सरशी झाली.

लागलीच दुसरे गलबत सुटले. वल्हेकरी वल्ही मारता मारताच जवाचे पीठ खात आणि आळीपाळीने झोपत. पहिल्या गलबताला त्या क्रूर कामाची घाई नव्हती, हेही सुदैवच. आज्ञा वाचून झाली होती. अंमल होणार तोच दुसरे गलबत येऊन पोहोचले. बंडाचे प्रमुख म्हणून पकडलेले लोक मारले गेले, पण नगर वाचले.

आपला देश एका टेकडीवर कसा मावणार? २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ९७ कोटी मतदारांसाठी लोकसभेच्या जागा होत्या ५४३. म्हणजे एका सदस्यामागे जवळजवळ अठरा लाख मतदार. ही प्रातिनिधिक लोकशाही होय. येथे कायद्याला दोन्ही सभागृहांची संमती आणि राष्ट्रपतींची मान्यता लागते. अथेन्सला नशिबाने लाभलेला थांबा आपल्याकडे नियमानेच ठेवला आहे. त्याची किंमतही आहे. आपल्या प्रतिनिधीचे मत न पटले, तर मतदारांना दुसऱ्या दिवशी हात वर करून ते फिरविता येत नाही. पुढील निवडणुकीची वाट पाहावी लागते.

तथापि टेकडीवरची ती सभा आपल्याकडे अगदीच नाही, असे नव्हे. १९९२ च्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो तिचा सभासद. तेथे बसण्यासाठी कोणाला निवडून यावे लागत नाही.