एकट्याचा प्रवास आणि लपविलेली डबी



भूगोलाच्या तासाला अक्षांश व रेखांश हे शब्द उच्चारले कीं अर्ध्या वर्गाचे डोळे खिडकीकडे वळतात, असा माझा अनुभव आहे. "सर, या रेघा जमिनीवर कोठेंच दिसत नाहींत, मग त्या शिकावयाच्या तरी कशाला?" असा प्रश्नही पुष्कळदां ऐकावा लागतो. त्याचें उत्तर आज एका खेळाच्या व एका लांबच्या प्रवासाच्या आधारें देण्याचें योजिलें आहे. खेळाचें नांव जिओकॅशिंग. आणि प्रवास मोटारसायकलवरचा, तोही एकट्याचा.

खेळ दिसावयास सोपा आहे. कोणी एक मनुष्य पाणी न शिरणारी डबी एखाद्या आडजागीं लपवितो, तींत एक लहान वही ठेवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करितो. दुसरा ते आंकडे घेऊन तेथें जातो, डबी शोधून काढतो, वहींत आपलें नांव व तारीख लिहितो आणि डबी होती तशी ठेवून परततो. डबींतील एखादी वस्तु घेतली, तर तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तु मागें ठेवावी, असा दंडक आहे. इंग्लंडांतील डार्टमूर या माळरानावर १८५४ सालीं जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें एक बाटली ठेविली व तेथवर चालत येणारे लोक तींत आपल्या नांवाचीं कार्डें टाकूं लागले. त्या जुन्या छंदाचा हा धाकटा भाऊच म्हणावा.

या धाकट्या भावाचा जन्म मात्र आकाशांतून झाला. अमेरिकेनें पृथ्वीभोंवतीं सोडलेले जी. पी. एस. नांवाचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येकांत अणूंच्या कंपनांच्या तत्त्वावर चालणारें अत्यंत बिनचूक घड्याळ असतें. आपण कोठें आहों व किती वाजले आहेत, हें तो उपग्रह सारखें कळवीत असतो. आपल्या हातांतील यंत्र तो संदेश पोंचण्यास किती वेळ लागला हें मोजतें व त्यावरून उपग्रहाचें अंतर काढतें. अशीं तीन अंतरें समजलीं म्हणजे जागा निश्चित होऊं लागते. चौथा उपग्रह आपल्या यंत्राच्या घड्याळाची चूक सुधारतो. प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर असल्यामुळें एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक होय!

पूर्वीं सामान्य लोकांस मिळणारा हा संदेश अमेरिकन सरकार मुद्दाम अंधुक करीत असे. त्यामुळें शंभर मीटरपर्यंत फरक पडे. २ मे २००० रोजीं हा अडथळा दूर झाला. दुसऱ्याच दिवशीं, ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर यानें ऑरेगॉन संस्थानांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ एक काळी बादली लपविली. तींत पुस्तकें, एक गलोल व शिजविलेल्या घेवड्याचा एक डबा अशा वस्तु होत्या. तीन दिवसांच्या आंत माइक टीग यानें ती हुडकून काढली आणि खेळ सुरू झाला.

आतां पाटी घ्या. बादलीची जागा उत्तर अक्षांश ४५ अंश १७.४६० मिनिटें आणि पश्चिम रेखांश १२२ अंश २४.८०० मिनिटें अशी होती. अक्षांशाचें एक मिनिट म्हणजे सुमारें १.८५ किलोमीटर. म्हणजे दशांश चिन्हापुढील तिसरा आंकडा एकानें चुकला तर आपण पावणेदोन-दोन मीटर चुकतों. पहिला चुकला तर १८५ मीटर. आणि चिन्हाअलीकडचा चुकला तर पावणेदोन किलोमीटरांहून अधिक. रेखांशाचें मिनिट मात्र सर्वत्र सारखें नसतें. मुंबईच्या अक्षांशावर तें सुमारें १.७५ किलोमीटर, तर बीव्हरक्रीक येथें सुमारें १.३० किलोमीटरच भरतें. कारण ध्रुवाकडे जातां जातां त्या रेघा एकमेकींजवळ येतात. "एका आंकड्यानें काय होतें?" असें म्हणणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आतां नकाशा उघडा. ११ मे २००० रोजीं कॅन्सस संस्थानांत मिंगो येथेंही एक डबी ठेवण्यांत आली होती. समजा, एक स्वार मिंगोहून बीव्हरक्रीकपर्यंत एकटाच मोटारसायकलवर निघाला. गव्हाच्या सपाट प्रदेशांतून तो समुद्रसपाटीपासून सुमारें १,६०० मीटर उंचीच्या डेन्व्हरला पोंचेल. तेथून वायोमिंगमध्यें शिरल्यावर ८,६४० फूट उंचीची शर्मनची खिंड लागेल. या प्रदेशांतील आडवा वारा प्रसिद्ध आहे. तो मोटारींतील माणसास ऐकूं येतो, पण मोटारसायकलस्वारास सर्वांगानें सोसावा लागतो. पुढें स्नेक नदीचें मैदान, निळे पर्वत व कोलंबिया नदीची दरी ओलांडून दोन हजार किलोमीटरांहून अधिक मजल मारल्यावर तो मुक्कामीं पोंचेल. वाटेंत त्याला घड्याळ दोनदां एकेक तास मागें घ्यावें लागेल. सूर्याच्या हिशेबानें मात्र फरक साडेएकवीस रेखांशांचा, म्हणजे अंशास चार मिनिटांप्रमाणें ८६ मिनिटांचाच. हा फरक कां, तें घरीं काढून आणा.

एकट्यानें दूर जाण्याची हौस नवी नाहीं. १९३२ सालीं रॉबर्ट फुल्टन नांवाचा तरुण लंडनहून एकटाच मोटारसायकलवर निघाला आणि हिंदुस्थानांतून पुढें जात जपानपर्यंत पोंचला. त्याच्यापाशीं उपग्रह नव्हते. तो लोकांना वाट विचारीत गेला. आजच्या स्वारापाशीं यंत्र आहे, परंतु निर्जन वळणावर गाडी घसरली तर यंत्र त्याला उचलीत नाहीं. म्हणून शहाणा स्वार निघण्यापूर्वीं आपला मार्ग व मुक्काम घरीं लिहून ठेवितो, काळोख पडण्यापूर्वीं थांबतो व शिरस्त्राण काढीत नाहीं. पालकहो, मुलांची धाडसाची आवड मारूं नका. पण अठरा वर्षें पुरीं होऊन परवाना मिळेपर्यंत किल्लीही त्यांच्या हातीं देऊं नका. तोंवर पायीं व सायकलवर फिरावयास आपला मुलूख थोडा आहे काय?

शेवटीं या खेळांतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतों. यंत्र आपणांस जागेपासून कांहीं मीटरांवर आणून सोडतें. दाट झाडींत तर तेंही गोंधळतें. तेथून पुढें आपले डोळे, आपली चिकाटी. आणि डबी सांपडल्यावर तेथें पाहणारें कोणीही नसतें. घेतलेल्या वस्तूच्या मोबदल्यांत चांगली वस्तु ठेवली कीं फुटकें बटण, परवानगीवांचून कोणाच्या शेतांत शिरलों कीं नाहीं, जागा होती त्याहून स्वच्छ ठेविली कीं नाहीं, हें स्वारासच ठाऊक. परीक्षेच्या दालनांत आम्हां शिक्षकांची नजर असते. माळावरच्या त्या डबीपाशीं जो चोख राहिला, तोच खरा उत्तीर्ण झाला.