तेजस्वी उल्केची नोंद

२ एप्रिल २०२२ रोजी सायंकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून तेजस्वी रेघांचा एक पुंजका संथपणे सरकत गेला. अनेकांनी त्यास उल्का मानिले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे सापडले. तो अग्निबाणाचा अवशेष असावा, असे तज्ज्ञांचे मत पडले. उल्का सेकंदास किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते व बहुधा काही क्षणांतच विझते. अवशेष मात्र मिनिटभरही दिसत राहतात. म्हणून ती किती सेकंद दिसली, हे नोंदवहीत प्रथम लिहावे.

त्यानंतर विद्यार्थ्यास पाहिल्या जागी पुन्हा उभे करावे. कोणत्या झाडाच्या शेंड्यावरून निघाली, देवळाच्या कळसाच्या कोणत्या बाजूस विझली, हे त्याने दाखवावे. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. तिने उंची मोजावी. “शेजारच्या शेतातच पडली” असे मुले (आणि मोठेही!) हमखास सांगतात, वस्तुतः ती बहुधा कित्येक किलोमीटर उंचीवरच विझलेली असते. दोन दूरच्या गावांतील नोंदी नकाशावर जुळविल्यास तिचा मार्ग काढता येतो.

काही मिनिटे कान देऊन थांबावे. ध्वनी मिनिटास सुमारे २० किलोमीटर जातो. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे भर दुपारी स्फोटासारखे आवाज झाले आणि अशनींचे तुकडे पडले.

प्रत्येक मुलाची नोंद वर्गात चर्चा होण्यापूर्वी, स्वतंत्रपणे लिहवून घ्यावी.