कंपन्यांचें दान व मजुराची मजुरी

एखाद्या कंपनीनें गांवांत शाळेची खोली बांधून दिली कीं दोन तऱ्हेचीं बोलणीं ऐकूं येतात. कोणी कंपनीच्या औदार्याची स्तुति करितो, तर कोणी म्हणतो, आमच्याच घामाचा पैसा, त्यांत उपकार कसला! ह्या प्रश्नाचा विचार आम्ही एका प्रसिद्ध धनवानाच्या चरित्रावरून करूं.

अँड्र्यू कार्नेगी हा १८३५ सालीं स्कॉटलंडांत एका विणकराच्या घरीं जन्मला. यंत्रमागांमुळें बापाचा धंदा बसला व १८४८ सालीं तें कुटुंब अमेरिकेस गेलें. तेथें सुताच्या गिरणींत राबणारा हा मुलगा पुढें पोलादाच्या मोठमोठ्या कारखान्यांचा धनी झाला. श्रीमंतानें आपलें धन जिवंतपणींच लोकहितार्थ वेंचावें, असें मत त्यानें १८८९ सालीं एका निबंधांत मांडिलें, आणि तें पाळिलेंही. १९०१ सालीं त्यानें कारखाने विकून टाकिले, व १९१९ सालीं तो मरण पावला तोंपर्यंत सुमारें ३५ कोटी डॉलर देऊन टाकिले होते. त्याच्या पैशानें अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयें झालीं.

पण पेन्सिल्व्हेनियांतील होमस्टेड ह्या गांवची हकीकतही वाचली पाहिजे. तेथील त्याच्या कारखान्यांत १८९२ सालीं मजुरी कमी करण्याचें व मजुरांचा संघ मोडण्याचें ठरलें. कार्नेगी स्वतः त्या वेळीं स्कॉटलंडांत होता. त्याचा व्यवस्थापक हेन्री फ्रिक ह्यानें कारखान्याचीं दारें बंद केलीं, आणि सुमारें ३०० भाडोत्री शिपाई नदींतून पडावांत घालून आणविले. ६ जुलै रोजीं गोळीबार होऊन दोन्ही पक्षांचीं माणसें मेलीं. संघ मोडला, मजुरी उतरली, बारा तासांची पाळी नेहमींची झाली. पुढें १८९८ सालीं त्याच गांवीं कार्नेगीचें भव्य ग्रंथालय उघडलें! बारा तास भट्टीपुढें भाजून निघालेला मनुष्य घरीं येऊन पुस्तक केव्हां उघडणार?

येथें लूककृत शुभवर्तमानाच्या १९ व्या अध्यायांतील जक्कय आठवतो. त्यानें अर्धें द्रव्य दरिद्र्यांस देऊं केलें, आणि ज्यांस लुबाडिलें होतें त्यांस चौपट परत देण्याचें वेगळें कबूल केलें. परत द्यावयाची रक्कम त्यानें दानांत मोजिली नाहीं. कार्नेगीच्या हिशेबांत हीं दोन खातीं एक झालीं होतीं, असें आमचें मत आहे.

मात्र कार्नेगीनें दिलें तें स्वतःचें होतें. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेलें टाटा स्मारक रुग्णालयही दोराबजी टाटा ह्यांनीं मागें ठेविलेल्या निधींतून उभें राहिलें. कंपनीची गोष्ट निराळी. तिचा नफा भागधारकांचा. तो चालकांनीं वांटणें म्हणजे दुसऱ्याच्या कणगींतून भिक्षा घालणें होय, असा आक्षेप अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन ह्यानें १९७० सालीं घेतला. आक्षेप टाकाऊ नाहीं. तथापि कंपनी नदीचें पाणी घेते, सरकारी रस्ता वापरते, आणि बुडाली तर भागधारकाचें घर विकलें जाऊं नये ही सवलतही तिला कायद्यानेंच मिळते. तेव्हां समाजाचें तिच्याकडे कांहींच येणें नाहीं, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं.

आपल्या देशांत हें येणें कायद्यानेंच ठरविलें आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें, ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान शेंकडा २ लोकोपयोगी कामांत खर्चावयाचे असतात. हें कलम १ एप्रिल २०१४ पासून लागू झालें. केवळ आपल्याच नोकरांच्या सोयीसाठीं केलेला खर्च ह्यांत धरीत नाहींत, म्हणजे मजुराचें देणें दान म्हणून दाखवितां येत नाहीं. ही तजवीज आम्हांस फार शहाणपणाची वाटते.

ह्या खर्चाचा तपशील कंपनीच्या वार्षिक अहवालांत छापावा लागतो. गांवीं कंपनीची देणगी आली म्हणजे शिकलेल्या तरुणांनीं तो मिळवून मंडळींस वाचून दाखवावा. आणि त्याच कारखान्यांत कंत्राटदारामार्फत जाणाऱ्या आपल्या बहिणींस दिवसाची मजुरी किती पडते, व ती वेळेवर हातीं येते कीं नाहीं, हेंही त्यांच्यापाशीं बसून विचारावें.