जागा घेण्यापूर्वी

पुण्याच्या पेठांत आता जागा मिळत नाही, आणि मिळालीच तर ती आपल्या ऐपतीबाहेरची असते. म्हणून माणसे गावाबाहेर जातात. ही गोष्ट नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांतले संसार उघड्यावर आले. पुढे गोखलेनगर, सहकारनगर या बाजूंना पूरग्रस्तांच्या वसाहती झाल्या. तेव्हा तो भाग फार लांबचा वाटे. आज तो शहराच्या आत आहे. आता पाळी आली आहे उंड्री, धायरी, वाघोली, सूस या गावांची. पहिली दोन गावे २०१७ साली महानगरपालिकेत आली, पुढची दोन २०२१ साली.

समजा, एक जोडपे आहे. तो मार्केट यार्डात हमाली करतो. ती चार घरची धुणीभांडी करते. वीस वर्षे दोघांनी पै-पै साठवली. एका रविवारी एजंट त्यांना गाडीत बसवून जागा दाखवायला नेतो. रानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या आहेत. एजंट म्हणतो, "हा अर्धा गुंठा तुमचा. आजच इसार द्या. उद्या भाव वाढेल."

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. अर्धा म्हणजे साडेपाचशेच्या आत. तेवढ्यात दोन खोल्या होतील, असे तिच्या मनात येते. पण इसार देण्याआधी तिने एकच गोष्ट मागावी : सात-बाराचा उतारा.

सात-बारा म्हणजे काय? गावच्या दप्तरात बरेच नमुने असतात. त्यांतला नमुना सात आणि नमुना बारा मिळून हा कागद होतो. सातमध्ये जमीन कोणाची ते असते, बारामध्ये तिच्यात काय पिकते ते. (जुन्या शहरात सात-बारा नसतो, तिथे मिळकतपत्रिका असते.) गट नंबर ठाऊक असला की हा उतारा सरकारच्या महाभूलेख या संकेतस्थळावर मोबाईलवरही पाहता येतो. एजंटाने दिलेल्या झेरॉक्सवर भिस्त ठेवू नका. आपण स्वतः काढा.

उतारा हाती आला की आधी नावे वाचा. जो माणूस जमीन विकतो आहे, त्याचे नाव त्यात आहे का? तो एकटाच आहे, की भाऊ-बहिणीही आहेत? बहिणींची नावे वाचायला विसरू नका. पुष्कळ भांडणे तिथेच सुरू होतात. मग 'भोगवटादार वर्ग' पाहा. वर्ग दोन असेल तर ती जमीन सरकारी परवानगीवाचून विकता येत नाही. शेवटी 'इतर अधिकार' हा रकाना वाचा. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, कोर्टाची मनाई, जे काही गुपित असते ते या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बसलेले असते. आम्हाला विचाराल तर सगळ्या उताऱ्यात हाच रकाना दोनदा वाचण्यासारखा आहे.

आता त्या अर्ध्या गुंठ्याचे बघू. शेतजमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावर १९४७ सालच्या तुकडेबंदी कायद्याने बंधने घातली. त्यात पुढे बदल झाले, सवलतीही मिळाल्या. पण आपला तुकडा त्यांत बसतो का, हे एजंटाला विचारायचे नाही, सरकारी कचेरीत विचारायचे. या बंधनातून लोकांनी एक वाट काढली : दहा-अकरा जणांनी मिळून एकच खरेदीखत करायचे. सर्वांची नावे सात-बारावर लागतात खरी, पण कोणता कोपरा कोणाचा, हे कागदावर कुठेच नसते. उद्या घर बांधताना किंवा विकताना बाकीच्या दहा जणांची मनधरणी करावी लागते. दुसरी वाट तर याहून वाईट. पाचशे रुपयांच्या स्टँपवर लिहायचे आणि नोटरीचा शिक्का मारायचा! शिक्का गोल असतो, लाल असतो, पण त्याने जमीन आपली होत नाही. जमीन आपली होते ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदलेल्या खरेदीखताने.

जागेऐवजी बांधत्या इमारतीतला फ्लॅट घ्यायचा असेल, तर निराळा कायदा आहे. आठांपेक्षा जास्त फ्लॅटची योजना असली तर तिची महारेराकडे नोंदणी लागते. महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक असतो, तो ताडून पाहा. नोंदणीकृत करार होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या शंभरात दहा रुपयांहून जास्त घेता येत नाहीत. म्हणजे तीस लाखांच्या घराला फार तर तीन लाख. आणि भाव विचारायचा तो कारपेट एरियाचा. भिंतींच्या आत जेवढ्या फरशीवर आपण वावरतो, तेवढाच. जिना नि लिफ्ट त्यात धरायची नाही.

पाण्याचीही चौकशी करा. गाव महानगरपालिकेत आले म्हणजे नळाला पाणी आले, असे नाही. उन्हाळ्यात सकाळी जाऊन शेजारच्या इमारतीतल्या बायकांना विचारा, टँकर किती येतात आणि पैसे कोण भरते. एजंट हे सांगायचा नाही, त्या सांगतील.

जमिनीच्या खरेदीखताची नोंदणी झाली म्हणजे काम संपले नाही. सूची क्रमांक दोनची प्रत घ्या. मग तलाठ्याकडे फेरफार होऊन तुमचे नाव सात-बारावर चढते. नवा उतारा काढा आणि नाव, आडनाव, क्षेत्र एकेक अक्षर वाचून पाहा. काना-मात्रेची चूक दिसली तरी दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्या.