काटकसर आणि घरातील आनंद

मितव्ययाचे धडे बहुधा महिन्याच्या पगारावर रचलेले असतात. पगाराचे इतके भाग करावे, एक भाग शिल्लक टाकावा, एक भाग करमणुकीस द्यावा, असा उपदेश त्यांत असतो. नोकरदाराच्या घरी तो लागू पडतो; परंतु विद्यार्थिमित्रहो, आपल्या दर्यापूर तालुक्यातील किती घरी दरमहा पगार येतो? आपला मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे ओलिताची शेती कठीण आणि बहुतेक भिस्त पावसावर. मृगाच्या पावसावर पेरणी होते, पोळ्याच्या आगेमागे मूग निघतो, पुढे सीतादही करून कापसाची वेचणी लागते आणि होळीच्या सुमारास हरभरा घरी येतो. पैसा येतो तो वर्षातून दोन-तीनदा, ओंजळ भरून. आणि जातो तो ३६५ दिवस, चिमटीचिमटीने. आपल्या प्रपंचाचे पुष्कळसे कोडे या एका गोष्टीत आहे.

ओंजळ भरलेली असली म्हणजे ती रिकामी होईल असे मनुष्यास वाटतच नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तिकडचा कापूस इंग्लंडातील गिरण्यांस मिळेना. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसास, आणि त्याबरोबर वऱ्हाडच्या कापसास, अपूर्व भाव आला. युद्ध संपले आणि भाव उतरला. तेजीत वाढविलेला खर्च मात्र भावाबरोबर उतरत नसतो. तो पाहुण्यासारखा घरात येतो आणि घरधन्यासारखा राहतो.

मग घर कशाने बुडते? लग्नाने, बारशाने, सणावाराने, असे उत्तर तत्काळ मिळते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, त्या वेळीही पुष्कळांचे हेच मत होते. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाने मात्र निराळे सांगितले. क्वचित होणाऱ्या लग्नकार्यापेक्षा धान्य, बियाणे, बैल व सरकारसारा यांसाठी वरचेवर काढलेली लहान लहान कर्जेच शेतकऱ्याचा भार अधिक वाढवितात, असा त्याचा निष्कर्ष होता. पालकांनी तो मुद्दाम ध्यानात घ्यावा. पोळ्याची पुरणपोळी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून तिच्यावर बोट ठेवणे सोपे जाते. किराणा दुकानाच्या वहीत रोज पडणारी ओळ कोणी पाहत नाही. शिवाय उधारीच्या गिऱ्हाइकास भाव विचारण्याचा धीर होत नाही. मिळेल त्या भावाने तो मुकाट्याने माल उचलतो.

एक उदाहरण घेऊ. टपरीवरचा खर्रा २० रुपयांचा धरला आणि दिवसास दोन धरले, तर वर्षाचे १४,६०० रुपये होतात. दातांचा व घशाचा हिशेब यात धरलेला नाही. एवढ्या रकमेत मुलांची वह्या-पुस्तके घेऊन सहकुटुंब बहिरमची यात्राही होईल. गंमत ही की, खर्रा खाणारा गृहस्थ यात्रेलाच चैन म्हणतो. कारण यात्रेला एकदम नोट मोडावी लागते आणि खर्ऱ्याला खिशातले सुटे पुरतात!

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातील थोर पुरुषाचे चरित्र पाहावे. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी झाला. वडिलांचा संसार दारूने बुडालेला. मूर्तिजापुराजवळील दापुऱ्यास मामाच्या घरी ते वाढले, तेव्हा मामाची शेती सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली. पुढे १९५६ साली देह ठेवीपर्यंत कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून जेवणावळी घालू नका, असे ते कीर्तनातून सांगत राहिले. ते आनंदाचे वैरी होते, असा अर्थ यातून कोणी काढू नये. मुलीच्या बारशास त्यांनी रूढीप्रमाणे मद्यमांसाची पंगत न घालता गोडाचे जेवण घातले. पंगत झाली, पाहुणे जेवून गेले. पूर्णेकाठच्या ऋणमोचनास पौषातल्या रविवारी यात्रा भरते, तेथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी त्यांनी घाट बांधविला. यात्रा नको असती, तर घाट कशास बांधविला असता? त्या स्थानाच्या नावाचा अर्थच कर्जातून सुटका असा आहे. परंतु तेथील स्नानाने दुकानदाराची वही धुतली जात नाही, हे बाबांइतके कोणी परखडपणे सांगितले नसेल.

आता दुसरी बाजू. कित्येक घरी काटकसर म्हणजे केवळ नकार. मुलाने चेंडू मागितला, नाही. मुलीने बांगड्या मागितल्या, नाही. बहिणीस माहेरी आणावयाचे, पुढच्या वर्षी पाहू. अशा घरात पैसा शिल्लक पडतो असे म्हणावे, तर तेही बहुधा घडत नाही. मन मारलेले माणूस एखाद्या दिवशी हट्टास पेटते आणि वर्षाची शिल्लक एका लग्नात उडविते. किंवा लपून खर्च करू लागते, आणि लपविलेला खर्च मोजता येत नाही. ज्या घरात आनंदाला स्वतःचे खाते नसते, तेथे तो उधारीच्या खात्यात जाऊन बसतो.

वस्तुतः आपल्या वडीलधाऱ्यांनी कमी पैशांत आनंद कसा करावा हे उत्तम जाणले होते. भाद्रपदाच्या पौर्णिमेस भुलाबाई बसते आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात. हे दिवस कापूस घरी येण्याच्या आधीचे, म्हणजे हात आखडलेले असतात. खर्च काय, तर मूठभर खिरापतीचा. आणि डब्यात काय आहे हे ओळखण्यात जी मजा येते, तिला पैसा लागत नाही. थंडीतला हुरडा, शेतात गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले रोडगे व वांग्याची भाजी, यांतही घरचेच जिन्नस असतात. बायकांची भिशी तर बचत आणि बैठक दोन्ही एकदम साधते.

यास्तव वही घालावी ती वर्षाची. पाडव्यास सालदाराचे साल ठरते, तोच मुहूर्त वहीसही चांगला. प्रथम बियाणे-पेरणी, शाळेचा खर्च, धान्य-किराणा व आजारपण यांची खाती मांडावी, आणि त्यांच्या पंक्तीस पाचवे खाते 'सणवार व हौस' असे स्पष्ट लिहावे. त्यातली रक्कम ठरली त्याहून अधिक होऊ देऊ नये. परंतु ती वाचवून मिरवूही नये, ती त्याच कामी खर्चावी. कापसाचे पैसे हाती आले त्याच दिवशी पेरणीची रक्कम टपाल कार्यालयात किंवा बँकेत निराळी ठेवावी. टपालखात्याची बचत बँक १८८२ पासून चालू आहे आणि थोड्या रकमेलाही तेथे मज्जाव नाही.

वहीने पाऊस पडत नाही, आणि कापसाचा भावही वाढत नाही. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारला ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. इतके मोठे दुःख घरच्या हिशेबाने टळले असते असे जो म्हणेल, त्याने कोरडवाहू शेती पाहिलेली नाही. वहीने एवढेच होते की, नापिकीच्या वर्षी आपण कोठे उभे आहोत हे घरातील सर्वांस कळते, आणि एकट्या बापाने ते ओझे मनात कोंडून ठेवण्याचे कारण उरत नाही.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत अशी एक वही घालून पाहावी. मागील वर्षाचे आकडे आधी आईस विचारावे. पुष्कळ रकमा तिच्या तोंडपाठ असल्याचे आढळेल. वडिलांस विचारावयाचे ते रात्रीचे जेवण झाल्यावर, आणि किराणा दुकानाची उधारी सगळ्यांत शेवटी.