उसाचे बिल वर्षाला, चूल मात्र रोजची



ऊस हे आपले हक्काचे पीक, याबद्दल दुमत नाही. पण एक हिशेब आपण सहसा मांडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला पूर्वहंगामी ऊस तुटायला चौदा-पंधरा महिने लागतात. तोवर घरची चूल चारशेच्या वर दिवस पेटते. किराणा उधारीवर येतो. मग बिल जमा झाले की सोसायटीची वसुली जाऊन जे उरते, त्यातली पहिली नोट दुकानदाराच्या हाती.

आता आकडे बघू. सहा माणसांच्या घराला रोज अर्धा किलो डाळ धरली, तर वर्षाला १८२ किलो लागते. किलोला १०० रुपये धरले तर १८,२०० रुपये झाले. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये ठरली. म्हणजे पाच टनांहून जास्त ऊस नुसत्या डाळीत गेला. तोही तोडणी-वाहतूक वजा न करता!

इकडे लागणीनंतर पहिले तीन-चार महिने दोन ओळींमधली जागा मोकळीच असते. तिथे हरभरा घ्या. एकरी अडीच क्विंटल जरी हाती आला, तरी भरडून सुमारे पावणेदोन क्विंटल डाळ होते. रोज हरभऱ्याची डाळ कोण खाणार, असे घरातून विचारतीलच. तर निम्मा विकून तूर आणा, नाहीतर तूर बांधावर टोका.

मात्र ही पथ्ये पाळा :

१. सरी चार-पाच फुटांची ठेवा. हरभरा वरंब्याच्या बगलेला टोका, सरीत नको. पाणी साचले की मुळे कुजतात.

२. बियाण्याला रायझोबियम चोळा. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. तरी उसाच्या खताचा हप्ता चुकवू नका.

३. टू-फोर-डी किंवा अ‍ॅट्राझीन मारू नका. तणाबरोबर हरभराही जाईल. खुरपणीच करा.

४. मोठ्या बांधणीआधी पीक काढून रान मोकळे करा. मका, सूर्यफूल घेऊ नका. सावलीने उसाचे फुटवे मरतात.

एकदम सगळे रान गुंतवू नका. पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांवर करून बघा. बियाणे, मजुरी, निघालेला माल वहीत लिहा आणि शेजारी किराण्याची उधारी मांडा. ऊस घर उभे करतो हे खरेच, पण ताटातली डाळ आपल्याच रानातली असली तर बिलाची वाट बघणे जड जात नाही.