तुणतुणें व बँजो

बँजो म्हटलें म्हणजे आपल्याकडे वरातींत बटणें दाबून वाजविलें जाणारें वाद्य डोळ्यांपुढें येतें. वस्तुतः तें बुलबुलतरंगाच्या कुळांतील. १९१२ सालीं जपानांत नागोया येथें गोरो मोरिता ह्या गृहस्थानें काढलेल्या ताइशोगोतोचें तें वंशज होय. मूळचा बँजो निराळा. आफ्रिकेंतून गुलाम करून अमेरिकेच्या बाजूस नेलेल्या लोकांनीं तो हातानें घडविला. भोपळा कापून त्यावर चामडें ताणावें, काठीची मान बसवावी व तंतु लावावे, अशी ती रचना. त्या लोकांना घरून कांहीं नेतां आलें नव्हतें. वाद्य कसें करावें एवढें मात्र त्यांच्या हातांत राहिलें होतें.

ह्या बँजोचें आपल्याकडील जवळचें नातलग कोणतें, असें कोणीं विचारल्यास आम्ही तंबोऱ्याकडे न वळतां गोंधळ्याच्या तुणतुण्याकडे बोट दाखवूं. आपल्या परभणी जिल्ह्यांत तें वाद्य अपरिचित नाहीं. येथील गोंधळी राजाराम कदम ह्यांच्या जांभूळाख्यानाची कीर्ति जिल्ह्याबाहेरही गेली. संबळाच्या शेजारीं उभें असलेलें तुणतुणें मात्र कोणी निरखून पाहत नाहीं.

लांकडाचें एक पोकळ नळकांडें, वरून उघडें, बुडाशीं बकऱ्याच्या चामड्यानें मढविलेलें. बाहेरच्या अंगास एक काठी ठोकलेली असते व तिच्या शेंड्याला खुंटी. चामड्याच्या मध्याला भोंक पाडून तार ओवतात, ती निसटूं नये म्हणून खालून लहानशी चकती अडकवितात, व नळकांड्याच्या पोटांतून ती वर खुंटीला नेतात. सतारींत तार घोडीवरून जाते. येथें ती चामड्यालाच ओढून धरते. म्हणून खुंटी पिळली कीं तारेबरोबर चामडेंही ताणलें जातें. चामडें हलकें असल्यामुळें तारेचें कंपन तें क्षणांत हवेस देऊन टाकतें. आवाज खणखणीत निघतो, पण लागलीच विरतो. बँजोचाही ठसका ह्याच कारणानें आहे. त्याची आंगठ्यानें छेडावयाची आंखूड तार एकच स्वर धरून राहते; तुणतुण्याचें तर सारें आयुष्यच त्या एका स्वरांत जातें.

तंबोऱ्याची गोष्ट वेगळी. मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं ती कारागिरी सुरू केली, आणि २०२४ सालीं तेथील सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. हें योग्यच झालें. तुणतुणें बहुधा वाजविणाराच करतो, किंवा ओळखीच्या सुताराकडून नळकांडें कोरून घेतो. चामडें किती तासावें, किती ओलें असतां मढवावें, हें कोठें लिहिलेलें सांपडत नाहीं. बापाचें पाहून मुलगा शिकतो. मुलानें दुसरा धंदा धरला कीं तें ज्ञान तेथेंच थांबतें. ह्याबद्दल त्या मुलास दोष देण्यास आम्ही धजत नाहीं, कारण नुसत्या गोंधळावर घर चालणें कठीण झालें आहे.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं सुटींत एक तुणतुणें करून पाहावें. आधीं पत्र्याच्या रिकाम्या डब्याच्या बुडालाच तार लावावी, मग बूड कापून चामडें मढवावें, म्हणजे दोन आवाजांतील भेद कानांनाच कळेल. पत्रा कापतांना वडीलधाऱ्यांस जवळ बसवावें. चामडें ओलें असतां ताणावें व सावलींत वाळूं द्यावें. उन्हांत घाई केल्यास तें एका बाजूनें अधिक आकसतें. पावसाळ्यांत तें सैल पडून स्वर उतरला, तर विस्तवापासून थोडें दूर धरून शेकावें. आणि खुंटी किंचित् निमुळती करावी. सरळ केली तर ती हळूहळू उलट फिरते, व रात्रीं लावलेला स्वर सकाळीं जागेवर नसतो.